गोलकीपरचे पाय

मी शिट्टी फुंकली तेव्हा चेंडू इर्शादच्या पोटाशी होता आणि तो त्यावर आडवा पडून हसत होता. त्याच्या शाळेची पोरं धावत येऊन त्याच्या अंगावर कोसळली होती. मी चालत पेनल्टीच्या खुणेपाशी गेलो, बोटाने जमीन दाखवली आणि म्हणालो, "परत."

"काय परत?" ज्याची किक अडवली होती तो पोरगाच गोंधळून म्हणाला.

"किक परत. गोलकीपर हलला."

भिंतीवर बसलेल्या प्रेक्षकांना हे कळायला एक क्षण लागला. मग जो गलका उठला, तो अजून माझ्या कानात आहे.

"ए पुस्तक! पान उलट की!"

'पुस्तक' म्हणजे मी. कोल्हापुरात फुटबॉलच्या मैदानावर ज्याला टोपणनाव नाही तो माणूस नव्हेच, आणि मला मिळालेलं नाव चुकीचं नव्हतं. मी एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. फुटबॉल मी कधी धड खेळलो नव्हतो. लहानपणी गल्लीतली पोरं खेळायची आणि मला चपला राखायला बसवायची. पुढे पस्तिशीत, वाचनालयात नियमांचं एक इंग्रजी पुस्तक हाती लागलं, ते मी कादंबरीसारखं वाचलं, दोनदा, तीनदा, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून पंचांच्या परीक्षेला बसलो. लेखी परीक्षेत जिल्ह्यात पहिला आलो. आयुष्यात मी तेवढ्या एकाच गोष्टीत पहिला आलो, म्हणून हे सांगतोय. त्यानंतर दहा-बारा वर्षं मैदानावर नियमांवरून काही वाद झाला, की जुने जाणते खेळाडूसुद्धा म्हणायचे, कुंभोजकरांना विचारा.

तो जानेवारी १९९९ चा एक शुक्रवार होता. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना. इर्शाद नदाफची शाळा एक गोलने पुढे होती आणि सामना संपायला सात मिनिटं उरली होती, तेव्हा त्यांच्या एका पोराच्या हाताला चेंडू लागला आणि मी पेनल्टी दिली. ती बरोबर होती. तिच्याबद्दल माझ्या मनात कधीच शंका आली नाही.

मांडवात पुण्याहून आलेले रणनवरे सर बसले होते. तिथल्या क्रीडा वसतिगृहासाठी त्यांना आमच्या जिल्ह्यातून त्या वर्षी एक गोलकीपर न्यायचा होता. एकच. राहणं, जेवण, शाळा, बूट, सगळं दहावीपर्यंत. त्यांचं लक्ष दोघांवर होतं, दोन्ही बाजूंच्या दोन गोलकीपरांवर, आणि हे मैदानाबाहेरच्या भज्यांच्या गाडीवाल्यालाही ठाऊक होतं. पलीकडच्या गोलात चिन्मय सरनोबत होता, उंच, नीटनेटका, नव्या कोऱ्या हातमोज्यांचा. अलीकडे इर्शाद. त्याचे वडील दस्तगीर गाद्या भरायचे. कापसाच्या ढिगावर उड्या मारून पोरगं झेपा घ्यायला शिकलं, असं लोक कौतुकाने सांगायचे.

दुसरी किक उजवीकडून आली. इर्शाद रेषेवरून दोन पावलं सरकला, झेपावला आणि बोटांच्या टोकांनी त्याने चेंडू खांबाबाहेर घालवला. इतकी सुंदर झेप मी लहान मुलांच्या सामन्यात पाहिली नव्हती. मी शिट्टी मारली.

या वेळी इर्शाद स्वतः माझ्याकडे आला. चिडून नव्हे. मला कळायचं काहीतरी राहिलंय आणि ते मला सांगायला हवं, अशा चेहऱ्याने.

"सर, रेषेवरच होतो मी. पुढं नाही आलो."

"पुढं आला नाहीस. पण पाय हलवलेस."

"रेषेवर हललं तर चालतंय की आता."

"कोण म्हणालं?"

"टीव्हीवर बघितलं, सर. वर्ल्ड कपला सगळे गोलकीपर हलत होते. कुणी शिट्टी नाही मारली."

भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, "शिकव त्याला, इर्शाद! घे शिकवणी!" लोक हसले. मला वाटतं, त्या हसण्यानेच मी बिघडलो. पण तसं म्हणणं म्हणजे लोकांवर ढकलणं झालं. मी खिशातून पिवळं कार्ड काढलं.

"टीव्ही बघून नियम ठरत नाहीत," मी म्हणालो. "किक बसेपर्यंत गोलकीपरने दोन खांबांच्या मध्ये, गोलरेषेवर, पाय न हलवता उभं राहायचं. जा जागेवर."

नियम मला तोंडपाठ होता. त्यातला एक शब्दही मी इकडचा तिकडे केला नाही.

तिसऱ्या किकला इर्शाद उभा राहिला तो दगडासारखा. चेंडू त्याच्या डावीकडून जाळ्यात गेला. त्याने जाळ्यातून चेंडू काढला, हातात धरला, माझ्याकडे बघितलं आणि सगळी ताकद लावून भिंतीपलीकडे रस्त्यावर भिरकावला. दुसरं पिवळं. म्हणजे लाल.

बाहेर जाताना तो रडत होता आणि आपण रडतोय हे दिसू नये म्हणून हातमोज्याने पुन्हा पुन्हा घाम पुसल्यासारखं करत होता. त्याच्या जागी एका बचावपटूला गोलात उभं केलं. दोन मिनिटांनी त्याच्या पायांतून दुसरा गोल झाला. सामना दोन-एक असा संपला.

कपडे बदलताना शामराव इंगवले माझ्याजवळ आला. शामराव त्या दिवशी माझा लाइन्समन होता आणि पेनल्टीच्या वेळी गोलरेषेच्या टोकाशी झेंडा घेऊन उभा होता. पूर्वीचा चांगला खेळाडू, गडी मोकळा.

"सर, पोरगं पुढं आलं होतं का? मला काही दिसलं नाही."

"पुढं नाही. बाजूला हलला."

शामराव बुटाची नाडी सोडता सोडता थांबला. "बाजूला," तो म्हणाला. मग नाडी सोडत, "हं. तुम्ही म्हणताय म्हणजे असंल. नियमावरनं तुमच्याशी कोण भांडणार?"

तो थट्टा करत नव्हता. तसं असतं तर बरं झालं असतं.

*

शनिवारी सकाळी वाचनालय उघडून मी आधी टेबलाच्या खणातलं ते पुस्तक काढलं. नियम चौदावा. पाय न हलवता. छापील होतं. मला हायसं वाटलं. पुस्तक मिटताना मागच्या पानांतून चौपदरी घडीचा एक कागद खाली पडला.

पंचांच्या संघटनेने पाठवलेली ती झेरॉक्स होती. त्या मोसमापासून बदललेले नियम, एकाखाली एक. तो कागद आला त्याच सुमारास ते बदल समजावून सांगायला एक बैठकही झाली होती. तिला मी गेलो नव्हतो. अशा बैठकांत चहा आणि चेष्टामस्करी फार चालते, मला तिथे कुठे बसावं कळत नाही, आणि नियम तर मला येतच होते. नववी ओळ अशी होती: पेनल्टीच्या नियमातून 'पाय न हलवता' हे शब्द वगळले आहेत, गोलकीपरने गोलरेषा न सोडता बाजूला हलण्यास हरकत नाही.

कागदाच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात आवक तारीख होती. बारा सप्टेंबर सत्याण्णव. म्हणजे कागद माझ्या हातात आला होता, सवयीने मी त्यावर तारीख घातली होती, घडी करून पुस्तकात ठेवला होता. वाचला नव्हता.

त्या दिवशी मी तीन पत्रं लिहिली. एक संघटनेला, एक रणनवरे सरांना, एक इर्शादच्या शाळेला. पहिल्यात फार स्पष्टीकरण झालं. दुसऱ्यात मी स्वतःला इतकं दूषण दिलं की ते वाचायला विचित्र वाटू लागलं. तिसऱ्याची सुरुवातच जमेना. संध्याकाळी तिन्ही फाडली आणि ठरवलं, सोमवारी शांतपणे एकच नीट लिहू.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास दस्तगीर नदाफ इर्शादला घेऊन वाचनालयात आले. रविवारी वर्तमानपत्रांच्या टेबलावर गर्दी असते. निवृत्त मुख्याध्यापक घोरपडे, पोस्टातले दोघं, आणखी चार-सहा जण. सगळे परवाच्या सामन्याबद्दलच बोलत होते आणि मी आल्यापासून जरा हळू बोलत होते. बाप-लेक आत आले तशी सगळ्यांनी वर्तमानपत्रं वर धरली.

दस्तगीरभाईंच्या केसांत, भुवयांत कापूस होता. कामावरूनच आले असावेत. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. वाचनालयात कुणी काढत नाही.

"सर, पोरगं चुकलं," ते म्हणाले. "पंचांसमोर चेंडू फेकायचा म्हणजे काय? मी घरी लई बोललो त्याला. पाया पड रं."

मी नको नको म्हणेपर्यंत इर्शाद वाकला होता.

"आम्ही काल रणनवरे सरांना भेटलो," दस्तगीरभाई म्हणाले. "ते म्हणाले, पोरात दम आहे, पण लाल कार्डवाला पोरगा मी नेत नाही. पंचांनी माफ केलं असं लेखी आणा, मग बुधवारी चाचणीला उभा करतो. दोघांना पाच-पाच पेनल्टी. जास्त अडवील तो पुण्याला." त्यांनी पोराकडे बघितलं. "सर, तिथं गेला तर ह्याचं भलं होईल. माझ्याजवळ राहून काय, ह्याच्या पण छातीत कापूसच जायचा."

घोरपडे गुरुजी वर्तमानपत्रामागून म्हणाले, "शिस्त हवीच. कुंभोजकरांनी केलं ते योग्यच केलं. नियम म्हणजे नियम."

माझ्या समोर खण होता. खणात कागद होता. मला फक्त तो काढून टेबलावर ठेवायचा होता, बोलायचीसुद्धा गरज नव्हती. मी खण उघडला आणि त्यातून कोरा कागद काढला.

मी लिहिलं, की खेळाडू इर्शाद दस्तगीर नदाफ याने आपली चूक मान्य केली आहे, त्यास योग्य ती समज देण्यात आली आहे, तरी त्याच्या वर्तनाबद्दल माझी काही तक्रार उरलेली नाही. अक्षर चांगलं आलं. खाली सही केली. मी स्वतःशी म्हणालो, त्याला हवं ते मिळालं. चाचणीला उभा राहील. बाकीचं सांगायला बुधवारपर्यंत वेळ आहे.

दस्तगीरभाईंनी ते पत्र दोन्ही हातांनी घेतलं. "सर, ह्या खुर्च्यांवरच्या गाद्या पार बसल्यात. उतरवून द्या एकदा. पिंजून भरून देतो, पैशाचं नाव काढायचं नाही."

"कशाला, कशाला," मी म्हणालो.

दाराशी जाऊन इर्शाद परत फिरला. टेबलाजवळ आला. त्याने एकदा वर्तमानपत्रवाल्यांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"सर, एक विचारू? म्हणजे अजिबात हलायचं नाही? एक पाऊलपण?"

तो वाद घालत नव्हता. त्याला खरंच शिकायचं होतं. घोरपड्यांनी वर्तमानपत्र खाली केलं होतं. पोस्टातले दोघं माझ्याकडे बघत होते.

"चेंडूला पाय लागेपर्यंत नाही," मी म्हणालो.

"बरं, सर."

*

सोमवारी मी पत्र लिहिलं नाही. मंगळवारी इर्शादच्या घरी जायला निघालो आणि गल्लीच्या तोंडाशी पोचलो. तिथून आतला अंगणाचा तुकडा दिसत होता. भिंतीवर कोळशाने दोन खांब काढलेले होते. इर्शाद त्यांच्यामध्ये उभा होता आणि त्याचा धाकटा भाऊ त्याला चेंडू मारत होता. इर्शादने आपले दोन्ही पाय घोट्यांपाशी सुतळीने बांधून घेतले होते. पाय बांधलेले ठेवून नुसत्या कमरेतून झेप घ्यायची सवय करत होता. पडत होता, उठत होता. भाऊ म्हणत होता, "दादा, सोड की आता," आणि हा म्हणत होता, "मार तू. मार."

मी तिथून परत आलो. का, ते मला इतक्या वर्षांत लिहिता आलेलं नाही.

बुधवारी चाचणीच्या अर्धा तास आधी मैदानावर पोचलो. आत जाऊन इर्शादला बाजूला घ्यायचं आणि दोन वाक्यं सांगायची, एवढंच काम होतं. तो त्याच्या शाळेच्या मास्तरांजवळ बसला होता, शेजारी वडील, गल्लीतली दहा-बारा माणसं. मला बघून दस्तगीरभाई उठले, त्यांनी लांबूनच हात छातीला लावला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला आणि चालत जाऊन समोरच्या पायरीवर बसलो.

आधी चिन्मय. रणनवरे सरांनी आणलेला एक मोठा मुलगा किक मारत होता. चिन्मय रेषेवर डावी-उजवीकडे नाचल्यासारखा हलत राहिला. मारणाऱ्याला ठिकाण नीट धरता येईना. पाचांतल्या तीन चिन्मयने अडवल्या.

मग इर्शाद उभा राहिला. दोन पाय जुळवून, हात पसरून.

पहिली उजवीकडून गेली. दुसरी सरळ त्याच्या छातीवर आली, ती त्याने धरली. तिसरी डावीकडे, बोटभर अंतरावरून. रणनवरे सर वैतागून पुढे झाले.

"काय रे, पाय चिकटलेत का तुझे? सामन्यात कसा हलत होतास! हल की जरा!"

"नाही, सर," इर्शाद म्हणाला. त्याला वाटलं, ही परीक्षा आहे. त्याच्या चेहऱ्यावरून मला ते स्पष्ट दिसलं. आपल्याला फशी पाडायला विचारतायत, असं वाटून तो थोडासा हसलासुद्धा. "नाही हलणार, सर."

रणनवरे सरांनी खांदे उडवले आणि मागे गेले.

मी उठून उभा राहिलो. पायरीपासून गोलपर्यंत चाळीस-पन्नास पावलं असतील. दोन किका उरल्या होत्या. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला वाटलं, मला पुढचं दिसत नाही, म्हणून मी उठलो. तो म्हणाला, "बसा की सर, मी सरकतो." आणि तो सरकला. मी बसलो.

चौथी गेली. पाचवी गेली.

*

नाव वाचून झालं, चिन्मयला लोकांनी खांद्यावर घेतलं आणि मैदान रिकामं व्हायला लागलं. दस्तगीरभाई मास्तरांशी बोलत होते. इर्शाद हातमोजे काढत एकटाच माझ्याकडे चालत आला आणि पायरीच्या खाली उभा राहिला.

"सर, त्या चिन्मयचे पाय हलत होते. तुम्ही बघितलं का?"

"बघितलं."

"पाची वेळा. मी मोजलं. रणनवरे सर काही बोलले नाहीत."

मी रिकाम्या गोलाकडे बघितलं.

"म्हणजे चालतंय?"

"चालतं," मी म्हणालो. "नियम बदललाय. रेषा सोडली नाही तर हललेलं चालतं."

त्याने डोकं खाली घातलं आणि हातमोज्याचा पट्टा काढला, लावला, परत काढला.

"कधी बदलला?"

"दीड वर्ष झालं."

हिशेब करायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्याने वर बघितलं.

"म्हणजे फायनलला मी अडवल्या त्या..."

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही खऱ्या होत्या."

त्याचा चेहरा एकदम उजळला. हे मी कधीच विसरू शकलो नाही. सगळं गेलेलं असताना, आपण त्या दोन किका खरंच अडवल्या होत्या, याचा त्या पोराला आनंद झाला. तो क्षणभरच टिकला. मग त्याने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, सर?"

त्या विचारण्यात राग नव्हता. वाचनालयात मुलं विचारतात, ते पुस्तक कधी परत येणार, तसं ते होतं. खरं उत्तर एका शब्दाचं होतं. शनिवारी.

"आत्ता," मी म्हणालो. "आत्ताच. चिन्मयला बघून."

इर्शाद माझ्याकडे बघत राहिला. माझा चेहरा कसा दिसत होता कोण जाणे. त्याने हातमोजे काखेत धरले, एक पायरी वर चढला आणि मोठ्या माणसासारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असू दे, सर," तो म्हणाला. "तुम्हाला तरी कुठं माहीत होतं."